निर्वंशाचा अभ्यास

लहानपणी आमच्या आळीत एक म्हातारी राहत असे. तिची जीभ भारी तिखट; परंतु नळावरचे भांडण कितीही पेटले तरी एक शब्द ती तोंडावाटे काढीत नसे. एकदा मात्र तो निघून गेला. "तुझा निर्वंश होईल," असे ती समोरच्या बाईला म्हणाली आणि नळावर एकदम सामसूम झाली. हंडे तसेच राहिले. समोरची बाई रडत घरी गेली. दिवेलागणीला म्हातारी आपण होऊन तिच्या दारी गेली आणि तिच्या धाकट्या मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवून परत आली. एखाद्याचे मरण चिंतणे वेगळे आणि त्याचा निर्वंश चिंतणे वेगळे, हे त्या निरक्षर बाईला पुरते ठाऊक होते.

गेली तीन-चार वर्षे मी ज्या विषयावरचे ग्रंथ मिळतील तसे वाचतो आहे, त्याला इंग्रजीत जेनोसाइड म्हणतात. आपली वृत्तपत्रे त्याला नरसंहार म्हणतात. कोशांत वंशसंहार, वंशविच्छेद असे शब्द सापडतात. 'नरसंहार' हा शब्द मला पसंत नाही. दरोडेखोरांनी एका गावात वीस माणसे मारली तरी आपण तोच शब्द वापरतो, आणि एक अख्खा समाज पृथ्वीवरून पुसण्याचा बेत आखला गेला तरी तोच. शिवाय 'संहार' या शब्दात देवाचा हात आहे. संहार रुद्र करतो, काळ करतो, महापूर करतो. त्यात कारकून नसतो. आणि या ग्रंथांनी मला पहिली गोष्ट शिकवली असेल तर ती हीच की, या कामात कारकून फार लागतात.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे पुष्कळांना वाटेल. हा अंक घरातल्या पोरासोरांच्याही हाती जातो याची मला जाणीव आहे, आणि म्हणून कित्येक तपशील मी मुद्दाम गाळले आहेत. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून विद्यापीठीय ग्रंथांवर बोलण्याचा अधिकार येत नाही. मान्य आहे. परंतु माणसे माणसांना काय करतात आणि ते कसे सांगावे, हा कादंबरीकाराचाही धंदा आहे. त्या नात्याने हे ग्रंथ वाचले, आणि त्याच नात्याने हे लिहीत आहे.

प्रथम शब्दाविषयी. तो घडवणारा राफाएल लेमकिन हा पोलंडमधला ज्यू कायदेपंडित. जन्म १९०० चा. लहानपणी त्याने शेंकेविच या पोलिश कादंबरीकाराची 'क्वो वादिस' ही नीरोच्या काळावरची कादंबरी वाचली, आणि एका सबंध समुदायाला मारण्याचा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मनात घर करून बसला. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात नमूद केले आहे. कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात, असे म्हणणाऱ्या आमच्या एका हेडमास्तरांना हे ऐकवायचे राहून गेले! पुढे १९२१ मध्ये बर्लिनच्या रस्त्यात एका आर्मेनियन तरुणाने तुर्कस्तानच्या तलत पाशाला गोळी घातली. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचा तो एक मुख्य सूत्रधार होता. एका माणसाला मारणे हा गुन्हा आणि लाखोंना मारणे हा गुन्हा कसा नाही, असे लेमकिनने आपल्या प्राध्यापकांना विचारले. सरकार आपल्या प्रजेचे काय करते हा त्याचा घरगुती मामला. शेतकऱ्याने आपल्या कोंबड्या कापल्या तर त्याला कोण अडवणार, असे उत्तर त्याला मिळाले. हा संवाद असाच घडला की आठवणीत त्याला घाट आला, कोण जाणे. पण त्या काळचा कायदा खरोखरच तसा होता.

१९४४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात त्याने हा शब्द प्रथम छापला: अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. ग्रंथ म्हणजे बहुतेक हिटलरी राजवटीच्या वटहुकुमांचा संग्रह आहे आणि वाचायला अतिशय कंटाळवाणा आहे. परंतु ज्याच्या घरची ४९ माणसे त्या वटहुकुमांखाली नाहीशी झाली त्याने असे कोरडे लिहावे, हे मला पानोपानी जाणवत राहिले. नुसती कत्तल म्हणजे हा गुन्हा, असे त्याचे म्हणणे नव्हते. एखाद्या समाजाची भाषा, शाळा, ग्रंथ, पोटापाण्याची साधने मोडणे हीही त्याचीच अंगे, असे तो म्हणत असे. ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रसंघाने यासंबंधीचा करार मंजूर केला, तेव्हा भाषा-संस्कृतीचे हे कलम गळून पडले होते. आपल्या भारताने २७ ऑगस्ट १९५९ रोजी त्या करारावर कायमचे शिक्कामोर्तब केले. दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, लेमकिन न्यू यॉर्कमध्ये वारला. अंत्यविधीला मोजकी माणसे होती.

शब्द झाला, कायदा झाला. अभ्यास मात्र अजून व्हायचा होता. व्हिएन्नात जन्मलेला आणि पोरवयात अमेरिकेत पळून आलेला राऊल हिल्बर्ग याने तो हाती घेतला. प्रबंधाला हाच विषय घेतो म्हटल्यावर, ही तू आपल्या हातांनी आपली तिरडी बांधतो आहेस, अशा अर्थाचे काहीतरी त्याचे प्राध्यापक नॉयमन त्याला म्हणाले; तरी त्यांनी नाही म्हटले नाही. 'युरोपीय ज्यूंचा विनाश' हा त्याचा ग्रंथ पुरा होऊन पडला, पण छापायला कोणी धजेना. एका मोठ्या विद्यापीठाच्या प्रकाशनाने अभिप्रायासाठी तो हाना आरेन्ट या विदुषीकडे पाठवला आणि बाईंनी प्रतिकूल मत दिले. शेवटी १९६१ साली शिकागोच्या एका लहानशा प्रकाशकाने तो काढला. दोन वर्षांनी आरेन्टबाईंचे 'आइखमन इन जेरुसलेम' हे गाजलेले पुस्तक आले आणि त्यातला पुष्कळसा मालमसाला हिल्बर्गच्याच ग्रंथातला निघाला! आपल्या साहित्यविश्वातील मंडळींना यात काही अपरिचित वाटणार नाही.

हिल्बर्गच्या ग्रंथात माणूस मरताना फारसा दिसत नाही. फाइल पुढे सरकताना दिसते. प्रथम व्याख्या: ज्यू कोणाला म्हणावे? आजा-आजींपैकी किती ज्यू असले म्हणजे माणूस ज्यू? मग मिळकत काढून घेणे, मग एका ठिकाणी कोंडणे, मग मारणे. पहिल्या पायरीवरचा कारकून चौथ्या पायरीचा विचार करीतच नव्हता, आणि चौथ्या पायरीचे काम पहिलीवाचून अडले असते. हिल्बर्गचे मर्म मला सर्वांत अधिक कळले ते रेल्वेच्या तिकिटांत. मृत्यूच्या छावण्यांकडे ज्या गाड्या गेल्या त्यांचे भाडे जर्मन रेल्वेने आकारले होते: तिसऱ्या वर्गाचे, जाण्यापुरते. चार वर्षांच्या आतली मुले फुकट, दहाच्या आतल्यांना अर्धे तिकीट, आणि चारशे माणसे भरली की मोठ्या गटाची सवलत. बिलांचा हिशेब काही वेळा त्याच प्रवासी कचेरीतून होई, जिथून इतर लोक सुट्टीत सहलीची तिकिटे काढीत. आपल्याकडेही मुलाला पाच वर्षांपर्यंत तिकीट लागत नाही आणि वेगळा बर्थ घेतला नाही तर बारापर्यंत अर्धे लागते. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना आपण मुलाचे वय खिडकीवर सांगतो. मी ते पान वाचल्यापासून मला ते नीट सांगता येत नाही.

आपल्याकडच्या सबंध वाङ्मयात मला अशी एकच कथा आठवते की, जिच्यात संहार आहे पण देव नाही, कर्मचारी आहेत. ती जनमेजयाच्या सर्पसत्राची. बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून सापांची जातच्या जात आगीत घालायची. त्यासाठी मांडव, ऋत्विज, मंत्र, दक्षिणा, सर्व काही रीतसर. आणि वैशंपायनाने महाभारत सांगितले ते या यज्ञात बसून. यज्ञ थांबवला आस्तिकाने, ज्याची आई नागकन्या आणि बाप ब्राह्मण. आमच्या कीर्तनकारांनी आस्तिकाला फार थोडा वेळ दिला आहे.

आता हिल्बर्गवरचा माझा आक्षेप. तो जवळजवळ सर्वस्वी मारणाऱ्यांच्या कागदांवर विसंबला. त्यामुळे यंत्र कसे चालले ते कळते. यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला नाव राहत नाही. आरेन्टबाईंचे उलट. त्यांना यंत्रातला एक माणूस पाहायचा होता. १९६१ साली जेरुसलेमच्या न्यायालयात काचेच्या पेटीत बसलेला आइखमन त्यांनी पाहिला आणि हा राक्षस नव्हे, विचारशून्य नोकर आहे, असे ठरवले. विचार म्हणून तो अजूनही मोठा आहे. परंतु ज्या माणसावर तो बेतला, तो तसा नव्हता. अर्जेंटिनात लपून असताना आपल्या मित्रमंडळींत आइखमन काय बढाया मारीत होता, त्याचे कागद बेटिना स्टाँगनेथ या जर्मन विदुषीने पुढे तपासले. २०११ साली तिचे पुस्तक निघाले. कोर्टातला आइखमन हा एक नट होता. आरेन्टबाई फसल्या. आम्हा कादंबरीकारांना यात धडा आहे: पात्र स्वतःविषयी जे बोलते त्यावर विश्वास ठेवणारा लेखक कच्चा.

आणि तरीही ते काय बोलले हे ऐकावेच लागते. येथून मी ज्या दोन पुस्तकांसाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येतो. ख्रिस्टोफर ब्राउनिंगचे 'ऑर्डिनरी मेन' १९९२ चे. डॅनियल गोल्डहेगनचे 'हिटलर्स विलिंग एक्झिक्यूशनर्स' १९९६ चे. दोघांपुढे एकच दप्तर होते. हॅम्बुर्गच्या सरकारी वकिलांनी १९६० नंतर एका राखीव पोलिस पलटणीतील २१० माणसांच्या जबान्या घेतल्या होत्या. पलटण क्रमांक १०१. तीच साक्ष, तीच गावे, त्याच तारखा. पुस्तके मात्र एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत अशी.

पलटणीत पाचशेहून थोडी कमी माणसे होती. चाळिशीच्या आसपासची, गोदीतले हमाल, ड्रायव्हर, कारकून, सैन्यात घेण्याचे वय उलटून गेलेले संसारी लोक. पक्षाच्या शाळेत वाढलेली पोरे नव्हेत. १३ जुलै १९४२ च्या पहाटे पोलंडमधल्या युझेफूफ या खेड्याबाहेर त्यांच्या मेजरने त्यांना उभे केले. या मेजर ट्रापला पलटणीत 'पापा' म्हणत. त्याचा आवाज कापत होता, डोळ्यांत पाणी होते. कामाचे स्वरूप त्याने सांगितले, आणि नंतर एक विलक्षण गोष्ट केली: वयस्कांपैकी ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी बाहेर यावे, असे म्हणाला. दहा-बारा माणसे पुढे आली. संध्याकाळपर्यंत गावातल्या सुमारे दीड हजार ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना जंगलात नेऊन मारण्यात आले. दिवसभरात आणखी काही पोलिस निरनिराळ्या सबबींनी बाजूला झाले. पण शंभरातले ऐंशी तरी काम करीत राहिले. पुढे सवय झाली. वर्ष-दीड वर्षात या पलटणीच्या हातून ३८,००० माणसे गोळीने गेली आणि ४५,००० त्रेब्लिंकाच्या गाड्यांत कोंबली गेली.

माझ्या शाळेतल्या एका मुलीने हा भाग ऐकून मला विचारले होते, "सर, पण त्यांना नाही म्हणता येत नव्हतं ना?" येत होते. ब्राउनिंगच्या पुस्तकाचा हा कणा आहे. निःशस्त्र माणसांना मारायला नकार दिला म्हणून स्वतःला जबर शिक्षा झाल्याचे एकही उदाहरण युद्धानंतरच्या खटल्यांत बचावाच्या वकिलांना दाखवता आले नाही. बुखमन या टोपणनावाने येणारा एक राखीव लेफ्टनंट आरंभीच म्हणाला, मला दुसरे काम द्या. आणि त्याला ते मिळाले. का जमले तुला, असे विचारल्यावर त्याने दिलेले कारण मोठे मासलेवाईक आहे: हॅम्बुर्गला त्याचा स्वतःचा व्यवसाय होता, पोलिसखात्यात बढती नको होती.

परंतु ज्या ओळीपाशी मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसलो, ती वेगळीच आहे. जे बाजूला झाले त्यांच्यापैकी बहुतेकांनी 'हे वाईट आहे' असे म्हटले नाही. 'आम्ही दुबळे आहोत, आम्हाला झेपत नाही' असे म्हटले. म्हणजे नकार देतानाही त्यांनी सोबत्यांचीच भाषा वापरली. मारणारा खंबीर, न मारणारा लेचापेचा, हे माप त्यांनीही उचलून धरले. कादंबरीकार अशा जागी नायकाच्या तोंडी एक बाणेदार वाक्य घालतो. मीही घातले असते. ब्राउनिंगने घातले नाही.

गोल्डहेगनला हे सारे पटत नाही. त्याचे म्हणणे असे की, ही 'सामान्य माणसे' नव्हेत, हे सामान्य जर्मन आहेत. पिढ्यान् पिढ्या ज्यूद्वेषाचे दूध प्यालेले. त्यांना भीड, दडपण, सवय असल्या सबबी कशाला? त्यांना ते काम योग्य वाटत होते. आरोपीच्या स्वतःला निर्दोष ठरवणाऱ्या जबान्या तो मुळी धरीतच नाही. जे ब्राउनिंग मोघम ठेवतो, ते गोल्डहेगन डोळ्यांपुढे उभे करतो. पोलिस आणि एक लहान मुलगी शेजारी शेजारी जंगलाच्या वाटेने चालली आहेत. चालताना त्याला आपली मुलगी आठवली असेल का, असे तो विचारतो. हा प्रश्न कादंबरीकाराचा आहे आणि तो विचारल्याबद्दल मी त्याचे ऋण मानतो. त्याची चूक अशी की, प्रश्न विचारून होतो न होतो तोच तो स्वतः उत्तर देतो, आणि ते उत्तर पहिल्या पानापासून ठरलेले असते. साडेसहाशे पानांत एकही माणूस त्याला चकवीत नाही. पलटणीत लक्झेंबर्गचे १४ जण होते, ते जर्मन संस्कारांत वाढलेले नव्हते; तेही इतरांहून फारसे निराळे वागलेले दिसत नाहीत, असे ब्राउनिंगने पुढे दाखवून दिले. याला समाधानकारक उत्तर गोल्डहेगनपाशी आहे, असे मला वाटत नाही.

तरीही ब्राउनिंगच्या बाजूने निकाल देऊन मोकळे व्हावे, तर एक प्रसंग आडवा येतो. नोव्हेंबर १९४२ मध्ये बर्लिन पोलिसांचा करमणुकीचा ताफा पलटणीच्या भेटीस आला: वादक, गायक, नकलाकार. दुसऱ्या दिवशी वूकूफ गावच्या ज्यूंना मारायचे आहे हे कळताच, आम्हालाही घ्या, अशी या कलावंतांनी विनवणी केली. त्यांना बंदुका देण्यात आल्या. ही हकीकत ब्राउनिंगनेच दिली आहे. येथे कोणाची भीड होती? कोणते दडपण? ब्राउनिंग ती सांगून पुढे जातो. मला वाटते, येथे त्याने थांबायला हवे होते.

मी हे सगळे इतक्या हिरिरीने का लिहितो, तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एका मुलाच्या दप्तरात दुसऱ्याची कंपासपेटी सापडली. मी रागाच्या भरात म्हटले, आठवडाभर याच्याशी कोणी बोलायचे नाही. मी विसरूनही गेलो. तिसऱ्या दिवशी वर्गात गेलो तो त्याचा बाक भिंतीकडे सरकवलेला, आणि बाकाभोवती खडूची रेघ ओढलेली. रेघ ओढा असे मी म्हटले नव्हते. बेचाळीस मुलांपैकी दोघे त्याच्याशी बोलत होते. त्यांतल्या एकाला मी विचारले, तू का रे बोलतोस? तो खाली मान घालून म्हणाला, "मला नाही जमलं, सर."

वर्गातल्या अबोल्याची त्या जंगलाशी तुलना करण्याइतका मी वेडा नाही. परंतु ब्राउनिंगची ती ओळ वाचताना मला त्या पोराचा खाली घातलेला चेहरा आठवला, हे खरे. आणि गोल्डहेगन वाचताना दुसरेच आठवले. तो मुलगा गावाच्या ज्या टोकाला राहत असे त्या वस्तीविषयी घरोघर काय बोलले जाते, ते वर्गातल्या मुलांनी लहानपणापासून ऐकले होते. मीही ऐकले होते. पेटी पाटलांच्या किंवा डॉक्टरांच्या मुलाच्या दप्तरात सापडती, तर रेघ ओढली गेली असती काय? मुळात ते वाक्य माझ्या तोंडून निघाले असते काय? चोरी त्याने केली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. तो पुढल्या वर्षी शाळेत आला नाही.

तेव्हा दोघांतला कोण खरा, हा प्रश्न परीक्षेच्या पेपराला ठीक आहे. भीड आणि बढती माणसाला रेघ ओढायला लावतात. ती कोणाच्या बाकाभोवती ओढायची हे आधीच ठरलेले असते. ब्राउनिंगला पहिले दिसले, गोल्डहेगनला दुसरे. पण दोघांच्याही पुस्तकांत रेघेच्या आतला मुलगा बोलत नाही. साउल फ्रीडलेंडरने १९९७ आणि २००७ साली दोन खंड काढले आणि मेलेल्यांच्या रोजनिश्या सरकारी हुकुमांच्या मधोमध आणून ठेवल्या, तेव्हा कुठे ग्रंथात ते आवाज शिरले.

खरे पाहता हे आवाज होतेच. या विषयाचा अभ्यास युद्धानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांत सुरू झाला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते, ते चुकीचे आहे. वॉर्सॉच्या कोंडवाड्यात इमानुएल रिंगेलब्लूम नावाचा इतिहासाचा मास्तर होता. १९४० च्या नोव्हेंबरात त्याने पाच-पंचवीस माणसे जमवली: शिक्षक, लेखक, अर्थशास्त्री, एक रब्बी. शनिवारी भेटत. भाकरीचा भाव, रेशनकार्डे, गाणी, विनोद, मुलांच्या शाळा, रोगराई, सर्वांचे टिपण. प्रश्नावल्या काढून मुलाखती घेत. आपल्याच निर्वंशाची साधने गोळा करीत होते. आणि साधनांची छाननी करावी, अतिशयोक्ती गाळावी, दुसरी बाजूही नोंदवावी, असा रिंगेलब्लूमचा आग्रह होता. सॅम्युअल कॅसोने २००७ साली या मंडळींवर लिहिलेला ग्रंथ मी दोनदा वाचला. वर ज्यांची नावे घेतली त्यांपैकी कोणाचाही ग्रंथ मी दोनदा वाचलेला नाही.

१९४२ च्या ऑगस्टात, रोज हजारो माणसे गाडीत घातली जात असताना, इस्राएल लिख्टेनश्टाइन या शाळामास्तराने नोवोलिपकी रस्त्यावरील ६८ नंबरच्या शाळेच्या तळघरात दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. मदतीला दोन पोरे होती, एक एकोणीस वर्षांचा आणि एक अठरा. तिघांनी आपापले चार शब्द लिहून त्यात ठेवले. तिघांपैकी कोणी वाचले नाही. रिंगेलब्लूमही १९४४ मध्ये मारला गेला. पेट्या १९४६ च्या सप्टेंबरात सापडल्या. आत पाणी शिरून पुष्कळ कागदांचा लगदा झाला होता. दुसरा साठा दुधाच्या दोन कॅनांत होता. तो १९५० च्या डिसेंबरात मजुरांना मिळाला, आणि तो पुष्कळसा शाबूत होता. तिसरा एक साठा होता. तो जिथे पुरला असे म्हणतात तिथे आज वॉर्सॉतील चीनच्या वकिलातीची बाग आहे. २००३ साली ती खणून पाहिली. काही मिळाले नाही.